ओटीचं कुलूप आणि तारांकित प्रश्न: आरोग्यावर बोलणाऱ्या आमदाराला नेमकी कसली मदत लागते

तालुक्याचं नाव देत नाही, आमदारांचं पण नाही. ते अजून राजकारणात आहेत, आणि नाव आलं की लोक आधी पक्ष बघतात, मग मजकूर वाचायचा का नाही ते ठरवतात. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला एक तालुका समजा. दिवाळी झाली की अर्धी गावं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, अवघड केस आली की अंबाजोगाई नाहीतर लातूर. एवढं पुरे.

परिस्थिती अशी होती की तालुक्याच्या गावी ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय होतं, त्याचं श्रेणीवर्धन होऊन ५० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय मंजूर झालं, नारळ फुटला, बिल्डिंग उभी राहिली, टाइल्स-बिइल्स चकाचक, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) टेबल आलं, वरचे दिवे आले, भूल द्यायचं मशीन आलं, आणि मग ओटीला कुलूप लागलं. कारण बिल्डिंग ५० खाटांची आणि माणसं मात्र जुन्या ३० खाटांचीच, त्यातली पण काही पदं रिकामी. नॉर्मल डिलिव्हरी असली तर सिस्टर लोक व्यवस्थित करतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण बाळ आडवं आलं, बीपी वाढलं, झटके आले की रेफर. १०८ वेळेवर आली तर बरं, आणि आली तरी पुढं घाट आहेच. राज्यात २०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा आमच्याकडं लोकांना वाटलं की आता सुटलो, पण गाडी फक्त पोचवते, सिझर काय गाडीत होत नाही.

आमदार पहिल्या टर्मचे. जिल्हा परिषदेत असताना आरोग्याच्या समितीत बसलेले, त्यामुळं प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आशा, एएनएम ही भाषा त्यांना येते. हे फार दुर्मीळ आहे बरं का. बाकीच्यांना दवाखाना म्हणजे फित कापायची जागा. ह्यांना औषधसाठा रजिस्टर उघडून बघायची सवय. पण ह्या आवडीचं त्यांना मिळतं काय? रस्त्याचं उद्घाटन होतं, सभामंडपाचं होतं, भूलतज्ज्ञाचं होत नाही. कार्यकर्त्यांना कामं लागतात, कामं म्हणजे कॉन्ट्रॅक्ट, आणि पदनिर्मितीत कुणाला कॉन्ट्रॅक्ट मिळत नाही. त्यांचेच जवळचे लोक म्हणायचे, "साहेब, हे दवाखान्याचं किती दिवस लावून धरायलेत, त्यानं एक मत वाढत नाही."

आणि आमदार निधीचं म्हणाल तर वर्षाला ५ कोटी असतो, त्यातून मशीन घेता येतं, ॲम्ब्युलन्स घेता येते, पण पगार देता येत नाही. आमच्या शेजारच्या तालुक्यात अशीच निधीतून घेतलेली ॲम्ब्युलन्स दवाखान्याच्या मागं उभी आहे, ड्रायव्हरचं पद नाही म्हणून. म्हणजे आपल्या खिशातले पैसे टाकून आमदार हा प्रश्न सोडवूच शकत नाही. त्याला सभागृहात बोलून सरकारकडून पदं काढावी लागतात, दुसरा रस्ताच नाही. आणि तिथंच आमच्यासारख्यांचं काम सुरू होतं.

२०२३ च्या मार्चमधल्या अर्थसंकल्पीय अधिवेशनात त्यांनी पहिला प्रश्न टाकला. प्रश्न पीएनं लिहिला होता, पोरगा हुशार आहे पण त्याच्या डोक्यावर बदल्या, लग्नं, मयती, ट्रान्सफॉर्मर, सगळंच असतं. ज्यांनी विधानसभेची प्रश्नोत्तरं कधी वाचली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यानं सभागृहात तोंडी द्यायचं असतं, आणि प्रश्नाचा एक साचा असतो: अमुक ठिकाणी अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, असल्यास, काय कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. आमच्या प्रश्नात लिहिलं होतं की उपजिल्हा रुग्णालय कर्मचाऱ्यांअभावी बंद आहे, हे खरे आहे काय. आता रुग्णालय बंद नव्हतंच की! ओपीडी रोज चालत होती, रांग लागत होती. उत्तर आलं: (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

संपलं. एक शब्द चुकीचा, आणि पूर्ण अधिवेशन गेलं. वर विरोधकांनी ते उत्तर झेरॉक्स काढून वाटलं, की बघा, सरकार म्हणतंय सगळं ठीक आहे आणि ह्यांचं नुसतं रडगाणं.

मला विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथंच आहे. प्रश्न अवघड शब्दात असून भागत नाही, तो असा लागतो की खालून माहिती पाठवणाऱ्या ऑफिसला "खरे नाही" लिहिताच येऊ नये. मंत्री काय आपल्या मनानं उत्तर देत नाही. प्रश्न मंत्रालयातून संचालकांकडं, तिथून उपसंचालकांकडं, तिथून जिल्ह्याला असा खाली येतो आणि खालचा क्लार्क जे लिहितो ते साहेबांच्या सह्या होत होत वर जातं. तुमच्या वाक्यात एक जरी फट असली तरी तो क्लार्क तिच्यातून निसटतो, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याचं कामच ते आहे.

त्यानंतर आम्ही काहीजण आमदारांकडं गेलो. आम्ही म्हणजे कोण, तर एक रिटायर्ड मास्तर, एक मेडिकलवाले, कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक वकीलसाहेब, दोन आशाताई (ह्यांचं नाव कुठं येऊ द्यायचं नाही असं पहिल्याच दिवशी ठरलं), आणि धाराशिवकडचे एक काका ज्यांनी लोकाधारित देखरेखीत (सरकारी आरोग्यसेवेवर गावातल्या लोकांनीच लक्ष ठेवायचं) काम केलेलं. ते काम २००७ ला राज्यात ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झालं त्यात तेव्हाचं उस्मानाबाद होतं. जनसुनवाईत अधिकाऱ्यासमोर बाई उभी राहून बोलली की काय होतं ते काकांनी बघितलेलं. मी टायपिंग आणि फायली.

साहेबांना वाटलं निवेदन द्यायला आलेत. चहा सांगितला. काका म्हणाले, "साहेब, निवेदन नाही आणलं. तुमचा पुढचा प्रश्न आम्ही लिहून देतो, तुम्ही फक्त टाका." साहेब हसले, पण पीएचा चेहरा पडला, ते मला अजून आठवतं, कारण पुढं सगळ्यात जास्त काम त्याच पोरासोबत करावं लागलं.

पहिलं काम माहिती अधिकाराचं. दहा रुपयाचा स्टॅम्प, तीस दिवस, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मागायचं काय हे महत्त्वाचं. आम्ही "रुग्णालयाची सद्यस्थिती" वगैरे मागितलं नाही, त्याला उत्तर म्हणून एक गोल गोल पत्र येतं. आम्ही मागितलं: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिक्त कधीपासून, भूल द्यायच्या मशीनची आवक नोंद, प्रसूतीसाठी आलेल्या आणि पुढं पाठवलेल्या केसेसची महिनावार संख्या, नावं नकोत, आणि शेवटचं, नवीन पदनिर्मितीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकानं, कुणाकडं पाठवला. पेशंटची नावं नकोत हे आशाताईंनी आग्रहानं लिहायला लावलं. बरोबरच आहे, एखाद्या बाईचं बाळ गेलं असेल तर ते कागदावर येऊन गावभर फिरायला नको.

त्या जावक क्रमांकानं सगळं प्रकरण फिरलं. पदनिर्मितीच्या फायलीचा रस्ता लांब आहे. जिल्हा शल्यचिकित्सक, तिथून आरोग्य उपसंचालक लातूर (बीड, लातूर, नांदेड, धाराशिव हे चार जिल्हे ह्या परिमंडळात येतात), तिथून मुंबईत सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं आरोग्य भवन, मग सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि तो विभाग मंत्रालयाच्या मेन बिल्डिंगमध्ये शोधत फिरू नका, तो जीटी हॉस्पिटलच्या संकुलात दहाव्या मजल्यावर बसतो. मग वित्त विभाग, मग उच्चस्तरीय सचिव समिती, मग जीआर. आमचे लोक दोन वर्षं म्हणायलेत की मुंबईवाले मराठवाड्यावर अन्याय करायलेत, फाईल दाबून ठेवली. आणि कागद आल्यावर कळलं की फाईल मुंबईत नव्हतीच! वरून त्रुटी काढून ती परत आली होती, लोकसंख्येचा आणि जुन्या पदांचा तक्ता पूर्ण नव्हता म्हणून, आणि त्या त्रुटीचं उत्तर जिल्ह्यातच कुणीतरी द्यायचं राहिलं होतं. क्लार्कची बदली झाली, नव्याला माहीत नाही, झालं.

अनुशेषाचं, म्हणजे विकासात मागं राहिल्याचं, दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, त्यानंतर आपला अनुशेष किती हे विचारायला हक्काची जागा पण राहिली नाही. पण दरवेळी अनुशेषाच्या नावानं भाषण ठोकलं की टाळ्या मिळतात आणि फाईल जिथल्या तिथं राहते. समजा साहेबांनी तेव्हा सभागृहात उठून "मराठवाड्यावर अन्याय" केला असता, तर मंत्र्यानं शांतपणे सांगितलं असतं की तुमच्या जिल्ह्यातूनच कागद आलेला नाही. तोंडघशी पडले असते. साहेबांनी जिल्ह्याच्या ऑफिसात ना फोटो ना बातमी अशी एक बैठक घेतली, त्रुटीचं उत्तर गेलं, नवीन जावक क्रमांक मिळाला.

आकड्यांची पण एक गंमत सांगतो, गंमत कसली, चीडच येते. ऑफिसात एकजण म्हणाला की सिझरची एवढी गरज इथं दिसत नाही, हे बघा डिसेंबर-जानेवारीत रेफर किती कमी. अहो, डिसेंबर-जानेवारीत बाया इथं असतातच कुठं! उचल घेतलेली, मुकादमासोबत टोळ्या गेलेल्या, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात, सातवा-आठवा महिना असला तरी फडात. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. महिनावार तक्ता मांडला तर उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या शेवटापर्यंत रेफरचा आकडा चढत जातो, आणि हिवाळ्यात खाली बसतो. वर्षाची सरासरी काढली की आमचा तालुका निरोगी दिसतो. मुंबईत बसून हे कळायचं कसं? आमदाराच्या पीएला पण सुचलं नसतं. आशाताईनं तक्त्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "हे तर कारखाने चालू असतानाचं हाय." तिचं ते एक वाक्य पुढं उपप्रश्नात गेलं, जवळजवळ जसंच्या तसं.

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडची घटना झाली. शासकीय मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात २४ तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. देशभर बातमी, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, औषध खरेदी, रिक्त पदं, सगळं बाहेर आलं. आमच्या भागातून नांदेडला जाणारे कमी, तरी सगळ्यांना ते आपल्याच घरचं वाटलं. आणि लगेच दोन प्रकारचा दबाव आमदारांवर सुरू झाला.

एक म्हणजे धडक भेट. कार्यकर्ते म्हणाले साहेब, आपण पण जाऊ, कॅमेरा घेऊ, डॉक्टरला जाब विचारू. नांदेडला एका खासदारांनी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावला होता, त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर होता, काहींना ते लई भारी वाटलं होतं. त्याचं पुढं काय झालं? खासदारांवर गुन्हा दाखल, डॉक्टरांच्या संघटना भडकल्या, आणि चर्चा औषधं-पदांवरून संडासावर गेली. आमच्या इथं जे दोन मेडिकल ऑफिसर आहेत ते चार जणांचं काम करायलेत, त्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं असतं तर त्यांनी बदली मागितली असती, आणि मग खरंच "बंद आहे" हे खरं झालं असतं. साहेबांना हे पटवायला वेळ लागला, खोटं कशाला बोलू, कारण धडक भेटीचा व्हिडिओ पळतो आणि जावक क्रमांकाचा पळत नाही. शेवटी ते गेले, पण कॅमेऱ्याशिवाय, आणि डॉक्टरांनाच विचारलं की तुम्हाला सभागृहातून काय पाहिजे. डॉक्टर म्हणाले, भुलीचा माणूस द्या, बाकी आम्ही बघतो.

दुसरा दबाव खासगी दवाखानेवाल्यांचा, आणि हे प्रकरण जास्त नाजूक होतं, कारण त्यातले एक डॉक्टर साहेबांचे जुने माणूस, निवडणुकीला गाड्या दिलेले. सरकारी ओटी चालू झाली की त्यांच्याकडच्या सिझर कमी होणार हे उघड आहे, तोंडानं कुणी म्हणत नव्हतं एवढंच. इथं आमच्यातले वकीलसाहेब तापले, त्यांना रुग्ण हक्क सनदेवर जायचं होतं. जानेवारी २०२१ मध्ये राज्यानं नर्सिंग होम नोंदणीच्या नियमात सुधारणा केल्यात, सनद आणि दरपत्रक दवाखान्यात लावावं लागतं, आमच्याकडं कितीजणांनी लावलंय ते विचारू नका. मुद्दा बरोबर होता पण वेळ चुकीची, असं काकांचं म्हणणं. दोन आघाड्या एकदम उघडल्या तर साहेब कुठंच टिकणार नाहीत. बरीच वादावादी झाली. शेवटी सनदेचं मागं ठेवलं. मला अजून नक्की सांगता येत नाही की ते बरोबर केलं का नाही, पण त्या वेळी चाललं. आणि गंमत म्हणजे तालुक्यातल्याच दुसऱ्या एका खासगी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला प्रश्नातल्या वैद्यकीय बाबी तपासून दिल्या, एक पैसा न घेता, स्वतःचं नाव न घालता.

ह्या सगळ्यात आम्ही बीडचं २०१९ चं उदाहरण समोर ठेवलं होतं, ते जरा सविस्तर सांगतो कारण आमदारानं बोलल्यानं होतं काय हे त्यात दिसतं. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही गोष्ट बीड जिल्ह्यात सगळ्यांना माहीत होती, गावागावात बोललं जायचं, कारण पाळी आली की खाडा आणि खाडा झाला की दंड, त्यापेक्षा पिशवीच नको, आणि सांगणारा डॉक्टर पण होता. बायांच्या संघटनांनी आणि पत्रकारांनी ते बाहेर काढलं. पण कागदावर सरकारनं मान्य केलं कधी, तर २०१९ च्या पावसाळी अधिवेशनात, विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी विषय लावून धरल्यावर. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ अशा शस्त्रक्रिया झाल्या. मग गोऱ्ह्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ८२,३०९ बायांच्या पाहणीचे आकडे आले, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. खासगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असं ठरलं.

आता ह्यात बघा, सभागृहात उभं राहणारी बाई एकच, पण तिच्या पाठीमागं बातम्या होत्या, संघटनांचे अभ्यास होते, गावात फिरून बायांशी बोललेले लोक होते. ते नसते तर "हे खरे नाही" एवढंच उत्तर आलं असतं. आणि उलट पण, ते सगळं होतं तरी सभागृहात कुणी उचललं नसतं तर आकडा सरकारच्या तोंडून आला नसता. माहिती अधिकारात कागद मिळतो, पण मंत्र्यानं सभागृहात दिलेला शब्द हा वेगळा कागद आहे, त्याच्यावर आश्वासन समिती, म्हणजे दिलेला शब्द पाळला का हे बघणारी समिती, बसलेली असते.

तर डिसेंबर २०२३, नागपूरचं हिवाळी अधिवेशन. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावी लागते, आणि ऐन दिवाळीत आमच्याकडं सगळे फराळात. पीए आणि मी रात्री बसून मसुदा केला. ह्या वेळी पहिलं वाक्य असं होतं: अमुक उपजिल्हा रुग्णालयाची ५० खाटांची इमारत पूर्ण होऊन शस्त्रक्रियागृहात भूल देण्याचे यंत्र अमुक दिनांकास प्राप्त झाले असूनही भूलतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञाअभावी तिथे एकही सिझेरियन शस्त्रक्रिया झालेली नाही, हे खरे आहे काय. तारीख त्यांच्याच रजिस्टरमधली. दुसरं: पदनिर्मितीचा त्रुटीपूर्ततेसह प्रस्ताव अमुक जावक क्रमांकाने सादर झाला आहे, हे खरे आहे काय. तिसरं: असल्यास, सदर प्रस्ताव सध्या कोणत्या स्तरावर आहे व पदनिर्मिती केव्हापर्यंत होईल. "बंद" शब्द कुठंच नाही. विशेषणं नाहीत. साहेबांना ते फार कोरडं वाटलं, म्हणाले ह्यात मराठवाड्याचं दुःख कुठंय. काका म्हणाले दुःख भाषणात घाला, प्रश्नात तारीख घाला.

नांदेडनंतर सगळ्यांनाच आरोग्यावर बोलायचं होतं, त्यामुळं आमचा प्रश्न यादीत इतका खाली गेला की तोंडी उत्तराला येणारच नाही हे कळलं, लेखी उत्तर मिळालं. पण उत्तर काय आलं ते महत्त्वाचं: अंशतः खरे आहे. आणि प्रस्ताव शासनस्तरावर विचाराधीन आहे. "विचाराधीन" ऐकून आमचे पोरं चिडले, मला मात्र बरं वाटलं, कारण प्रस्ताव आहे आणि तो मुंबईत आहे हे सरकारनं पहिल्यांदा लिहून दिलं. त्याच उत्तराच्या आधारावर साहेबांनी लक्षवेधी (मंत्र्याला त्या विषयावर सभागृहात निवेदन करायला लावणारी सूचना) लावली, ती लागली हे नशीब, कितीतरी जणांच्या लागत नाहीत. मंत्र्यांनी निवेदन केलं, साहेबांनी दोनच उपप्रश्न विचारले. एक ऊसतोडीच्या महिन्यांचा. सभागृहात जरा शांतता झाली म्हणतात, पण ते साहेबांचं म्हणणं, टीव्हीवर मला तरी नेहमीसारखाच गोंगाट ऐकू आला. पदनिर्मिती करण्यात येईल असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी गावात फटाके, बॅनर, दुधाचा अभिषेक तेवढा राहिला. आम्ही पीएला सांगितलं की कामकाजाची अधिकृत प्रत मिळव, त्यात ते वाक्य नेमकं कसं छापलंय ते बघ. कारण "करण्यात येईल" आणि "सकारात्मक विचार करण्यात येईल" ह्यात फरक पडतो, पहिल्याचं आश्वासन म्हणून नंतर मागं लागता येतं, दुसऱ्याचं अवघड. पहिलंच होतं. मग ती प्रत जोडून साहेबांची पत्रं गेली, विभागाला, वित्तला, आणि महिन्याला एक फोन, तो पण साहेबांनी स्वतः नाही, पीएनं डेस्क ऑफिसरला. लोकसभेची आचारसंहिता लागायच्या जरा आधी जीआर आला. पदं निर्माण झाली.

निर्माण झाली म्हणजे भरली नाहीत. हे बाहेरच्या लोकांना समजावून सांगणं फार अवघड जातं. जीआर म्हणजे खुर्ची मंजूर झाली, माणूस अजून यायचाय. स्त्रीरोगतज्ज्ञ आल्या, नवीन आहेत, चांगल्या आहेत. भूलतज्ज्ञ अजून कायमचा नाही, जिल्ह्याच्या ठिकाणाहून एकजण कॉल बेसिसवर येतात, केसमागं मानधन. त्यामुळं ठरलेल्या दिवशी, आधी तारीख दिलेल्या सिझर होतात. कुलूप निघालं हे खरं. पण रात्री दोनला आलेल्या बाईला अजून अंबाजोगाईच. रक्तसाठवणूक केंद्र नाही, त्यामुळं रक्तस्राव होईल अशी शंका असली तरी रेफर. अडल्या बाईसाठी संदर्भ केंद्र म्हणायचं तर सिझर, नवजात बाळाची सोय आणि रक्त ही तिन्ही चोवीस तास पाहिजेत, आमच्याकडं दीड आहे असं समजा. साहेबांच्या बॅनरवर "स्वप्न साकार" लिहिलं होतं, ते काढायला आम्हीच सांगितलं. काढलं नाही, पावसानं फाटलं तेव्हा गेलं.

मग २० नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा. इथं आमचा ग्रुप फुटला म्हणा हवं तर. साहेब उभे, समोरचे उमेदवार म्हणायलेत दवाखाना आम्हीच मंजूर करून आणला होता (आणि श्रेणीवर्धनाची मंजुरी खरंच त्यांच्या काळातली, हे पण सांगायला पाहिजे). मास्तरांचं म्हणणं, ज्या माणसानं काम केलं त्याचा उघड प्रचार करायचा नाही तर कुणाचा करायचा? उद्या हे पडले तर दुसरा कोण आरोग्यावर बोलणार? आशाताईंना प्रचारात उतरणं शक्यच नव्हतं, आणि काका म्हणाले की उद्या समोरचे निवडून आले तर आपण लिहिलेला प्रश्न ते घेणार का, आपल्यावर शिक्का बसला की संपलं. मास्तर प्रचाराला गेले, मनापासून गेले, सभेत बोलले. बाकीच्यांनी एक पानाचा कागद काढला, काय झालं आणि काय राहिलं, तारखांसकट, आणि तो सगळ्या उमेदवारांना दिला. मला स्वतःला काकांचं पटलं, पण मास्तरांना चूक म्हणणार नाही. ज्याला निवडून यायचंय त्याला नुसत्या तारखा देऊन भागत नाही, माणसं पण लागतात, आणि आरोग्याच्या नावानं एक जरी माणूस सभेत उभा राहिला तर पुढच्या वेळी साहेबांचे कार्यकर्ते "एक मत वाढत नाही" म्हणताना जरा विचार करतील. मास्तर आता आमच्या बैठकीला येत नाहीत, फोनवर बोलतात.

साहेब निवडून आले का, हे मुद्दाम लिहीत नाही, तालुका ओळखू येईल. जे कुणी आमदार आहेत त्यांच्या पीएकडं आमचा पुढचा मसुदा गेलेला आहे. त्यात दोनच बाबी: भूलतज्ज्ञाचं पद कायमस्वरूपी केव्हा भरणार, आणि तोपर्यंत एखाद्या एमबीबीएस मेडिकल ऑफिसरला भुलीचं जे खास प्रशिक्षण असतं त्याला पाठवणार का. दुसरी बाब डॉक्टरीणबाईंनी सुचवली, आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. रक्तसाठवणुकीचा प्रश्न त्यात घातला नाही, कारण त्याचा अर्ज एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) मान्यतेसाठी अजून रुग्णालयाकडूनच गेलेला नाही, फ्रीजची जागा आणि टेक्निशियन ठरायचाय. आधी ते रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत काढायचं, अर्ज पाठवून घ्यायचा, नंबर घ्यायचा, मग सभागृह. वकीलसाहेबांनी सनदेचा कागद परत वर काढलाय, ह्या वेळी त्यांना थांबवणं अवघड दिसतंय.